गोजाबाईची चार पानं

१

सोमवारी सकाळी रूपेशनं प्रेसचं दार उघडलं आणि तो उंबऱ्यातच थबकला. शनिवारी संध्याकाळी जुळवणीच्या सपाट दगडावर शिशाची चार पानं दोऱ्यानं बांधून ठेवली होती. आता दगडावर काही नव्हतं. नुसती फरशी, आणि तीही अशी पुसलेली की तोंड दिसावं.

सत्त्याण्णव सालच्या वैशाखातली ही गोष्ट. शहापूरला रूपेशच्या घराची पुढची खोली म्हणजेच 'मैत्री मुद्रणालय'. कल्याणच्या एका छापखान्यात ऑफसेट आलं, तेव्हा त्यांनी भंगारात काढलेलं पायानं चालवायचं मशीन आणि खिळ्यांच्या पेट्या रूपेशनं टेम्पोत घालून आणल्या. खिळा म्हणजे एकेका अक्षराचा शिशाचा तुकडा. वर्षभर लग्नपत्रिका छापायच्या आणि वर्षातून एक पुस्तक आपल्या माणसांचं काढायचं, असा त्याचा नेम. इतरांनी आपल्याबद्दल पुष्कळ लिहिलं, आता आपलं आपण छापू, हा त्याचा बाणा. पण बाणा मोठा आणि खिळे थोडे. चार पानं जुळवली की पेटी रिकामी व्हायची. मग ती चार छापायची, एकेक खिळा सोडून पुन्हा आपापल्या खणात टाकायचा, आणि पुढची चार घ्यायची.

यंदाचं पुस्तक रूपेशच्या आजीचं होतं. गोजाबाई, वय वर्षं बहात्तर, सही अंगठ्याची. मुरबाडच्या अंगाला एका गावात त्यांचा संसार झाला. (गावाचं नाव नको. का नको, ते शेवटी कळेल.) धम्म घेतला आणि गावकीची कामं सोडली म्हणून गावानं त्यांचं पाणी तोडलं, ते सगळं त्यांनी सांगितलं आणि शाळेतल्या संघरत्नाबाईंनी एका हिरव्या वहीत उतरवून घेतलं. मुखपृष्ठ आधीच छापून झालं होतं. नावाखाली ओळ होती, 'एका निरक्षर बाईनं सांगितलेलं'. याच आठवड्यात बुद्धपौर्णिमा आणि त्याच दिवशी प्रकाशन. पंचक्रोशीला आमंत्रणं गेली होती.

रूपेशनं खुंटीकडे पाहिलं. हिरवी वही नव्हती. शनिवारी काढलेलं प्रूफही नव्हतं. आजीच्या शेवटच्या चार पानांची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

२

सदानंद उबाळे कसाऱ्याच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले. प्रेसची प्रूफं ते फुकट वाचत, आणि फुकट वाचत म्हणून कुणाचं ऐकत नसत. दुसऱ्याची चूक त्यांना झोपेतसुद्धा दिसायची.

"काका, हा शेखरचा उद्योग," रूपेश म्हणाला. "शनिवारी आला होता ना. शेवटचं पान दाखव म्हणून हटून बसलेला. मी नाय दाखवला."

शेखर गोजाबाईंच्या त्या गावच्या ग्रामपंचायतीचा मेंबर. विहिरीला कुलूप लावणारा त्याचाच आजोबा, आणि पुस्तकात तसं नावानिशी होतं.

"आणि आतून साथ अनिताची," रूपेशनं आवाज खाली आणला. अनिता म्हणजे खिळे जुळवणारी मुलगी, आटगावहून यायची. घर शेतकऱ्याचं आणि आजोळ नेमकं त्याच गावात. "काल आपण सगळे मुरबाडला लग्नाला. संघरत्नाबाई आल्या, तुमी आलात. हीच नाय आली. का?"

सदानंद खोलीभर हिंडत होते. पार्सल ऑफिसात छत्तीस वर्षं काढून ते एकच गोष्ट शिकले होते. हरवलेलं पार्सल बहुधा गोदामाबाहेर गेलेलंच नसतं.

दगडाच्या कोपऱ्यात पानं बांधायचे दोरे होते. चार दोऱ्यांची चार वेटोळी, बांगड्यांसारखी एकावर एक ठेवलेली. ओळींमधल्या पट्ट्या पुसून, लांबीप्रमाणे लावून ठेवलेल्या. या प्रेसमध्ये दोरे डब्यात कोंबायची पद्धत होती.

"चोर भारीच टापटिपीचा दिसतोय," ते म्हणाले. "रूपेश, शनिवारी अनिता काय बोंबलत होती?"

"काने संपले म्हणून. खणात दोनच उरले होते."

सदानंदांनी पेटीतल्या कान्याच्या खणात हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. शिशाचे बारीक दांडे त्यांच्या तळहातावरून खाली सांडले. खण काठोकाठ भरला होता.

"रूपेश, पानं चोरीला गेलीच नाहीत. ती याच खोलीत आहेत."

३

कुणीतरी बसून चारही पानं सोडली होती, एकेक खिळा आपल्या खणात. पेटीला खण चारशेच्या वर, आणि एकावरही अक्षर लिहिलेलं नाही. नवख्यानं हे काम करायला घेतलं तर त्याची दिवाळी इथेच व्हायची.

"मग झालंच की," रूपेश म्हणाला. "हे काम दोघांनाच येतं. मला नि अनिताला. मी काल दोनशे माणसांत पंगतीत वाढत होतो."

सदानंदांनी मनात कपाळावर हात मारला. मोठ्या हुशारीनं शोध लावला आणि त्या पोरीच्याच गळ्यात फास अडकवला.

तेवढ्यात अनिता आली. डबा अजून हातातच होता. रूपेशनं सरळच विचारलं. तिनं एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"मी नाय केलं. काल मला बघायला पाहुणे आले होते. लाज वाटली म्हणून बोलले नाय."

"त्याच गावचे असतील पाहुणे."

"दादा, या पुस्तकाचं पान न् पान मी जुळवलं. विहिरीचं जुळवताना रडले मी. तुमाला माहीत हाये."

"रडणं सोपं असतं," रूपेश म्हणाला. त्यालाही ते बोललेलं आवडलं नव्हतं, पण तोंडातून गेलं ते गेलं. "उद्यापासून येऊ नको."

"उद्याचं उद्या," सदानंद मध्ये पडले. "संध्याकाळपर्यंत मला वेळ दे. संध्याकाळी मी सांगेन कोण ते."

बोलून तर बसले. मग सर्वांत सोपा उपाय म्हणून मागच्या ओट्यावर गेले. गोजाबाई वाल सोलत बसल्या होत्या.

"आत्या, शेवटचं तेवढं पुन्हा सांगता? संघरत्नाबाईंना बोलावतो लिहायला."

"एकदा सांगितला. आता नाय आठवत," गोजाबाई म्हणाल्या आणि वालाची साल लांब फेकली.

सदानंद बघतच राहिले. बेचाळीस साली कुणाची गाय कोणत्या वारी व्याली, हे या बाईला पाठ होतं.

४

सदानंद चौकशीला निघाले. पोलिसांत जाण्यात अर्थ नव्हता. चार पानांचं शिसं पेटीतच आहे म्हटल्यावर ठाण्यातला माणूस चहा पाजून परत पाठवणार.

रूपेशची बायको रश्मी काही उपयोगाची निघाली नाही. "आमी रात्री आलो तर आजी झोपलेल्या. लग्नाला नाय आल्या, गुडघे दुखतात म्हणून. आणि घरात बसून केलं काय, तर सगळी भांडी राखेनं घासून ठेवली! गुडघे दुखतात नि भांडी घासतात. सांगायला गेलं तर मीच वाईट."

संघरत्नाबाई शाळेच्या पायरीवरच रडवेल्या झाल्या. "मी नक्कल करायला हवी होती, भाऊ. आजी बोलायच्या, मी लिहायचे. त्यांच्या तोंडचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही."

"एकसुद्धा नाही?"

"शेवटच्या भागातला तो एक सोडून," त्या हळूच म्हणाल्या. "तो तर आपण दोघांनी ठरवला होता."

सदानंदांनी विषय बदलला. तेवढ्यात त्यांना दुसरीच एक गोष्ट आठवली. महिन्यापूर्वी एका प्रुफावर त्यांनी लाल प्रश्नचिन्ह काढलं होतं. गोजाबाईंनी सांगितलं होतं, 'लग्न झाल्यावर चार वर्षं भायखळ्याला होतो, शिशाचं काम केलं.' कसलं काम? विचारायचं राहूनच गेलं. आणि तेव्हाचाच आणखी एक प्रसंग. गोजाबाईंच्या हातात प्रूफ दिलं की त्या कागद पालथा करायच्या, उन्हाकडे धरायच्या आणि मागून बघत बसायच्या. "आत्या, उलटं धरलंत," म्हणून सगळे हसायचे. गेल्या शुक्रवारीही हसले होते. त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी सांगितलं ते केलंस ना, सदा?" "केलं, आत्या," सदानंद म्हणाले. म्हाताऱ्या माणसांना हो म्हटलं की काम पुढे सरकतं.

दुपारच्या एसटीनं ते मुरबाडला गेले. स्टँडसमोरच्या हॉटेलात शेखर भेटला. सदानंदांना वाटलं होतं, हा अंगावर येईल. त्यानं चहा सांगितला.

"आजोबानं कुलूप लावला, ते छापा. अख्ख्या गावाला माहीत हाये, मी कुठं झाकू? मी त्याच्यासाठी आलोच नव्हतो."

"मग शेवटचं पान कशाला पाहिजे होतं?"

शेखरनं बशी फिरवली. "आजीनं पाठवला. ऐंशीची हाये, बाजेवरच असते. कुणीतरी तिला सांगतलं, गोजाबाईचं पुस्तक येतंय. तेव्हापासून धड जेवत नाय. म्हणते, जा रे, बघून ये, त्यात माझं नाव तर नाय ना. कशाला असेल, विचारलं तर तोंड फिरवते."

"नाव काय आजीचं?" सदानंदांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

"सावळी."

चहा तसाच राहिला. शेवटच्या चार पानांत हे नाव तीन वेळा होतं. ते कुणी आणि कसं घातलं, हे सदानंदांइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

५

ते परतले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अनिता आपली खिळे जुळवायची पट्टी आणि चिमटा पिशवीत भरत होती. जाण्याआधी खोली झाडून द्यावी म्हणून तिनं पेटी ठेवायच्या लाकडी घोडीखाली केरसुणी घातली, आणि खडखड करत शिशाचे तुकडे बाहेर आले.

तिनं एक उचलला. दुसरा उचलला. "काका, हे सगळे ळ आहेत."

"सगळे?"

"सगळे. पन ळ इथं कसे पडतील? ळ च्या खणाचा तळ दोन वर्षांमागं फुटला. तेव्हापासून ळ मी चहाच्या डब्यात ठेवते. त्या खणात टाकला तर सरळ खालीच जाणार."

रूपेश दारात उभा होता. त्यानं फळीवरचा चहाचा डबा उघडला. तळाशी मोजून पाच ळ होते. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे अनिता नाही," सदानंद म्हणाले. "तिचा हात झोपेतही डब्याकडे गेला असता. तूही नाहीस. ज्यानं पानं सोडली त्याला ळ चं मूळ घर माहीत होतं, पण ते फुटलंय हे माहीत नव्हतं. कुणी तिसरं माणूस. जुन्या छापखान्यात शिकलेलं, जिथे दोऱ्याची वेटोळी करून ठेवत. आणि ज्यानं आपल्या पेटीला कालपर्यंत हात लावला नव्हता."

"असा माणूस अख्ख्या तालुक्यात नाय, काका."

सदानंद काही बोलणार होते, पण त्यांची नजर आपल्याच बोटांवर गेली. सकाळी कान्यांची एक मूठ काय भरली होती, बोटं अजून काळी होती. शिशाची काळी. आणि चार पानं सोडणाऱ्याचे हात? ते धुवायला नुसतं पाणी पुरणार नाही. राख लागेल. बोटांना राख लावली तर कुणी विचारील, म्हणून मग घरातली सगळी भांडी घासून काढावी लागतील.

त्यांनी ती बोटं मुठीत मिटून घेतली. चोर सापडला म्हणून नव्हे. चोरानं हे का केलं, ते त्याच क्षणी कळलं म्हणून.

"तुम्ही दोघं इथेच थांबा," ते म्हणाले आणि मागच्या ओट्याकडे गेले.

६

"आत्या, भायखळ्याला शिशाचं काम, म्हणजे कसलं?"

गोजाबाईंनी वर पाहिलं. "आता विचारतोस होय?"

"चूक झाली. तेव्हाच विचारायला हवं होतं."

"छापखाना होता. रूपेशचा आजा मशीन ओढायचा, मी खिळे सोडायची. शाळा कुठं बघितलेली? खिळ्याचा तोंड बघायचा नि त्याच्या घरात टाकायचा. चार वर्षं तेच. खिळा मला वाचता येतो. कागदावरचा सगळा उलटा दिसतो."

"म्हणून मागून धरता."

"मागून सरळ दिसतो. तुमी हसायचे."

सदानंदांना मान वर करवेना. "पण वाचता येतं, हे सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं? मला विचारायच्या आधीच तुमी निरक्षर छापून मोकळे झालात." त्या थोडं थांबल्या. "शनिवारी मी तुमाला चहा घेऊन आली. दगडावर पानं होती. त्यात तिचा नाव होता. एक नाय, तीनदा."

मग गोजाबाई बोलत राहिल्या आणि सदानंद ऐकत राहिले. सत्तावन सालचा उन्हाळा. विहीर बंद, नदी आटलेली. घरात पंधरा दिवसांचं मूल, म्हणजे आज कसाऱ्याला नांदणारी रूपेशची आत्या. ज्याच्या हातात विहिरीची किल्ली, त्याचीच बायको रोज उजाडता शेताच्या बांधावर पळसाखाली पाण्याचा हंडा विसरून जायची. पाऊस पडेपर्यंत रोज विसरली. पहिल्या दिवशी तिनं गोजाबाईंचा हात हंड्यातल्या पाण्यावर ठेवला आणि शब्द घेतला, माझं नाव घेऊ नको. कुणापाशी, कधीच.

"संघरत्नाला बोलता बोलता नाव तोंडातून गेला. तिला सांगितला, काढ. तुला सांगितला. दोनदा सांगितला. तू काय म्हणालास?"

"केलं म्हणालो."

"मला वाचता येत नाय, म्हणून म्हणालास."

संघरत्नाबाईंनी आणि सदानंदांनी मिळून ठरवलं होतं की विहीर बंद करणाऱ्याचं नाव राहतं तर पाणी देणारीचंही राहिलं पाहिजे. चाळीस वर्षांनी कोण काय करणार आहे? विचार उदात्त होता. पण ज्या बाईचं पुस्तक तिलाच त्यांनी विचारलं नव्हतं, आणि वर तोंडावर खोटं बोलले होते. जन्मभर ज्यांचं कुणी ऐकलं नाही त्यांचं छापायला निघालेला हा छापखाना, आणि त्यानंच आपल्या म्हातारीचं ऐकलं नाही. सदानंदांना आपली लाज वाटली.

"नुसतं नाव काढायचं होतं, आत्या. चार पानं कशाला सोडलीत?"

"नाव काढला असता तर तुमी परत बसवला असता." गोजाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "पन त्या पोरीवर येईल, हे माझ्या ध्यानात नाय आलं. दुपारी रश्मी बोलली तेव्हा कळलं. ऊन उतरलं की जाऊन सांगणार होती. चल, हात दे."

तांदळाच्या कणगीतून त्यांनी प्रुफासकट हिरवी वही काढली, तांदूळ झटकले आणि प्रेसमध्ये गेल्या. रूपेशसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मी सोडली. अनितानं नाय." रूपेशनं अनिताच्या हातातली पिशवी घेतली, पट्टी नि चिमटा जागेवर ठेवला आणि म्हणाला, "चुकलो गो. जाऊ नको." अनिता म्हणाली, "ळ वेचायला लागा आधी."

बुधवारी दुपारी चार पानं पुन्हा उभी राहिली. सदानंदांनी प्रूफ काढू दिलं नाही. गोजाबाईंसाठी दगडाजवळ स्टूल ठेवलं आणि आपला चष्मा खिशात घातला. "आत्या, वाचा."

त्या शिशावरून बोट फिरवत गेल्या, ओळीमागून ओळ, ओठ हलवत. नाव होतं त्या तिन्ही ठिकाणी आता 'एक बाई' होतं. तिसऱ्या जागी बोट थोडं रेंगाळलं. मग त्यांनी दोरा मागितला, स्वतः पान बांधलं आणि टोक आत खोचलं. मुखपृष्ठंही पुन्हा मशीनवर चढली आणि 'निरक्षर' या शब्दावर एक जाड काळी पट्टी बसली. ओळ तोकडी दिसत होती, पण रूपेशनं ती तशीच ठेवली. 'मुद्रितशोधन' या शब्दापुढे सदानंदांचं नाव असायचं. तिथे त्यांनी गोजाबाईंचं घालायला लावलं.

पौर्णिमेला शेखर आला. मागे उभ्या उभ्याच त्यानं पुस्तकाची शेवटची पानं वाचली, पुन्हा वाचली. वाचताना कुठेतरी त्याला कळलं असावं, कारण डोळे पुसूनच तो पुढे आला आणि गोजाबाईंच्या पाया पडला.

"आजीचं नाव नाय यात," तो म्हणाला.

"नाय," गोजाबाई म्हणाल्या. "सांग तिला. म्हणावं, जेव आता."

त्या रात्री ती जेवली. आणि हो, तिचं नाव सावळी नव्हतं. शेखरही शेखर नव्हे. गोजाबाईंनी चाळीस वर्षं पाळलेला शब्द इथे येऊन मोडायचा नव्हता.